स्ट्रिंगचा मधलाच तुकडा फाइलीत लिहायचाय, पण जावा रुसतंय (काट्याची ओळ, केळीची पावती)

केळीबाग_रावेर · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मामांचा केळी खरेदीचा धंदा आहे, रावेर तालुक्यात. गाडी काट्यावर चढली की वजन आपोआप पावतीत यावं म्हणून जावात छोटा प्रोग्रॅम लिहितोय. जावा ११, मामांचाच जुना विंडोज संगणक. काट्याच्या डब्यातून सिरियल केबलने दर वेळी १६ अक्षरांची ओळ येते, अशी:

एसटी,जीएस,+००१२४८०केजी

(मोबाईलवरून टाइप करतोय, कीबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून सगळं देवनागरीत. मूळ ओळीत ती इंग्रजी अक्षरं आहेत: एस, टी, स्वल्पविराम, जी, एस, स्वल्पविराम, अधिकचं चिन्ह, सात आकडे आणि शेवटी के, जी. मोजलीत तर बरोबर १६.)

एसटी म्हणजे काटा स्थिर. गाडी हलत असली तर तिथे यूएस येतं. जीएस म्हणजे गाडीसकट वजन. मला यातले फक्त सात आकडे पावतीच्या फाइलीत लिहायचेत. शून्यापासून मोजलं तर आकडे ७ ते १३ या जागांवर येतात. ओळ म्हणजे जावाच्या भाषेत स्ट्रिंग (अक्षरांची माळ), आणि रायटर म्हणजे फाइलीत लिहिणारा. मी लिहिलं:

रायटर.राईट(ओळ, ७, १४);

आणि धाडकन एरर: स्ट्रिंगइंडेक्सआउटऑफबाउंड्सएक्सेप्शन. (नाव एवढं लांब की तेच कापून लिहावं लागेल.) पुढे लिहिलंय: बिगिन ७, एंड २१, लेंग्थ १६.

गंमत म्हणजे आधी मी नुसता तुकडा काढायला ओळ.सबस्ट्रिंग(७, १४) करून बघितलं होतं, तेव्हा ००१२४८० बरोबर आलं होतं. तेच दोन आकडे इथे दिले तर का चालत नाहीत? काटा खराब आहे का भो?

---

तापीकाठ · रात्री ९:५८

काटा बिचारा ठणठणीत आहे. उत्तर तुझ्या एररमध्येच आहे, नीट वाच. एंड २१. तू तर २१ कुठेच लिहिलं नाहीस. मग ते आलं कुठून? ७ अधिक १४.

सबस्ट्रिंगमध्ये दुसरा आकडा म्हणजे "कुठे थांबायचं", आणि ती थांबायची जागा स्वतः धरायची नाही. राईटमध्ये शेवटचा आकडा म्हणजे "किती अक्षरं घ्यायची". तू म्हणालास सातव्या जागेपासून चौदा अक्षरं लिही. ओळ सोळाची, सातपासून पुढे नऊच उरतात. ते बिचारं कुठून आणणार?

रायटर.राईट(ओळ, ७, ७);

झालं काम.

---

केळीबाग_रावेर · रात्री १०:०६

झालं! ००१२४८० आलं फाइलीत. दोन तास गेले यात, आणि मामा मागून दर पाच मिनिटांनी "झालं का रे?" म्हणत होते.

पण दादा, हा काय न्याय? एकाच भाषेत एका ठिकाणी शेवट आणि दुसऱ्या ठिकाणी संख्या?

---

तापीकाठ · रात्री १०:२१

अजून पुढचं ऐक, मग चिड. त्याच रायटर क्लासमध्ये अपेंड नावाची मेथड आहे. तिलाही स्ट्रिंग आणि दोन आकडे देता येतात, पण ती शेवट मागते. म्हणजे

रायटर.राईट(ओळ, ७, ७);
रायटर.अपेंड(ओळ, ७, १४);

दोन्ही ओळी अगदी तेच लिहितात. एकच क्लास, एकच काम, आणि तिसऱ्या आकड्याचा अर्थ वेगळा.

यामागे इतिहास आहे. रायटर क्लास जावा १.१ मध्ये आला, १९९७ साली. राईट लिहिणाऱ्यांनी सी भाषेतली जुनी सवय उचलली: कुठून आणि किती. अपेंड आली जावा ५ मध्ये, २००४ साली, आणि ती कॅरसिक्वेन्सच्या घरातली. त्या घरात सगळे कुठून आणि कुठपर्यंत असंच बोलतात, सबस्ट्रिंगसारखं. दोन पिढ्या एका घरात राहायला आल्या आणि दोघींनी आपापली मोजपट्टी ठेवली. सासूची आणि सुनेची.

आणखी एक फरक लक्षात ठेव. स्ट्रिंग नल असली, म्हणजे तिथे काहीच नसलं, तर राईट नलपॉइंटर नावाची एरर फेकतं. अपेंड मात्र नल ही चार इंग्रजी अक्षरं मुकाट लिहून मोकळं होतं. पावतीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी "नल" छापलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. तो माणूस विचारत होता, हे कोण गाव आहे.

---

पिंपरीकर_मूळ_चाळीसगाव · रात्री १०:४४

मी सीशार्पवाला, म्हणून आणखी घोळ घालून जातो. आमच्याकडे सबस्ट्रिंगच संख्या घेतं. कंपनीत जावाचं काम अंगावर आलं तेव्हा पहिला आठवडा मी हेच करत होतो, फक्त तुझ्या उलट. जावास्क्रिप्टमध्ये सबस्ट्रिंग शेवट घेतं आणि सबस्टर संख्या. नावात तीन इंग्रजी अक्षरांचा फरक, अर्थ वेगळा.

आणि सी प्लस प्लसमध्ये सीआउट.राईट(ओळ.डेटा() + ७, ७) असं लिहितात. तिथे तू शेवटच्या ७ ऐवजी १४ दिलंस तर कोणी अडवणार नाही. स्ट्रिंगच्या पलीकडे मेमरीत जे पडलं असेल तेही छापलं जाईल. जावाने तुला एरर दिली ही त्याची मेहेरबानी समज.

---

सातपुडा_वारा · सोमवार, सकाळी ७:१५

एवढी चर्चा कशाला? सबस्ट्रिंग करा, निघालेलं रायटरला द्या, मोकळे व्हा. रायटर.राईट(ओळ.सबस्ट्रिंग(७, १४)). वाचणाऱ्याला लगेच कळतं.

---

तापीकाठ · सकाळी ७:५०

पावतीसाठी तुमचं खरं आहे, मी वाद घालणार नाही. दिवसाला शंभर गाड्या आल्या तरी शंभर छोट्या स्ट्रिंगा बनल्या, कोणाला काय फरक पडतो.

फरक पडतो तो मोठ्या फाइली चिरताना. जुन्या जावात सबस्ट्रिंग मूळ स्ट्रिंगचीच आतली रांग वापरायचं, वेगळी नक्कल करायचं नाही. त्यात मोठी स्ट्रिंग उगाच मेमरीत अडकून राहायची, म्हणून २०१२ मध्ये जावा ७ च्या सहाव्या अपडेटपासून नक्कल करायला लागले. म्हणजे आता प्रत्येक सबस्ट्रिंग खरोखर नवीन स्ट्रिंग आहे. लाखो ओळींतून तुकडे काढून फाइलीत टाकत असाल तर राईटला जागा आणि संख्या देणं परवडतं, मधली स्ट्रिंग बनतच नाही.

---

धुळ्याचा_जिनिंगवाला · सकाळी ११:३०

राम राम. काय भो, कसं शे? माझी कथा ऐका, यापेक्षा वाईट आहे. तुम्हाला एरर तरी आली. मला ती पण नाही आली.

आमच्याकडे कापसाच्या गाड्या. ओळ अशी: गाडी नंबर, स्वल्पविराम, वजन. गाडी नंबर पावतीवर लिहायला मी केलं:

जागा = ओळ.इंडेक्सऑफ(",");
रायटर.राईट(ओळ, ०, जागा);

सहा महिने नीट चाललं. एका महिनाअखेरीला हिशेब लावायला बसलो तर नऊ पावत्यांवर गाडी नंबरची जागा कोरी! वजन आहे, रक्कम आहे, गाडी कोणती ते नाही. एमएच १८ सुद्धा नाही. कारण काय, तर रात्रपाळीचा पोरगा हाताने नंबर टाकताना स्वल्पविरामाच्या जागी स्पेस मारत होता. स्वल्पविराम सापडला नाही की इंडेक्सऑफ उणे एक देतं. म्हणजे मी रायटरला सांगत होतो, "शून्यापासून उणे एक अक्षरं लिही."

मला वाटलं होतं अशा वेळी जावा ओरडेल. आपला साधा फाइलरायटर ओरडतोही, मी नंतर मुद्दाम करून बघितलं. पण मी त्यावर बफर्डरायटर (मजकूर आधी पोटात साठवून मग लिहिणारा) चढवला होता, आणि त्याच्या कागदपत्रात स्पष्ट लिहिलंय की संख्या उणे असली तर काहीही लिहिलं जाणार नाही आणि हे वरच्या क्लासच्या नियमाच्या विरुद्ध आहे. म्हणजे त्यांना माहीत आहे, आणि तरी तसंच ठेवलंय. आते काय बोलनं!

त्या नऊ गाड्या शोधायला मी मुनीमकाकांसोबत दोन रात्री गेटची वही चाळली.

---

केळीबाग_रावेर · दुपारी १२:१०

बाप रे. मी पण बफर्डरायटरच वापरतोय. म्हणजे आधी जागा शून्यापेक्षा कमी आहे का ते तपासायचं?

---

धुळ्याचा_जिनिंगवाला · दुपारी १२:२५

तपासायचं आणि पावती थांबवायची. कोरी जागा छापायची नाही. आमचं आता लाल अक्षरात येतं "नंबर पुन्हा टाका", आणि पोरगा शिव्या देतो. देऊ दे.

---

गिरणाकाठची_ताई · दुपारी ३:०५

मी जळगावला कॉलेजात ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग) शिकवते. वरचं सगळं वाचून मजा आली. धुळ्याच्या दादांचा प्रसंग पुढच्या आठवड्यात वर्गात सांगणार आहे, गाव न सांगता.

एक भर घालते. रायटर हा ॲबस्ट्रॅक्ट क्लास आहे, म्हणजे अर्धवट साचा, उरलेलं वारस क्लासने भरायचं. त्यात राईट नावाच्या पाच मेथडी असल्या तरी तुम्ही स्वतःचा रायटर बनवलात तर तीनच गोष्टी लिहाव्या लागतात: कॅरेक्टरच्या ॲरेतला (रांगेतला) तुकडा लिहिणारं राईट, फ्लश आणि क्लोज. स्ट्रिंगचा तुकडा लिहिणारं राईट वरच्या क्लासमध्ये तयारच आहे. ते तुकडा एका तात्पुरत्या ॲरेत उतरवतं आणि तुमच्या ॲरेवाल्या राईटला हाक मारतं. म्हणजे सगळ्या वाटा शेवटी एकाच दारातून जातात. परीक्षेत पॉलिमॉर्फिझमची व्याख्या पाठ करणाऱ्यांनी हे एकदा कोड उघडून बघावं.

पण मुलं इथे हमखास फसतात. पावतीतले आकडे मराठी करायचे म्हणून एका मुलाने फिल्टररायटरचा वारस क्लास केला आणि फक्त ॲरेवालं राईट बदललं. स्ट्रिंग लिहिली तर आकडे इंग्रजीच! कारण फिल्टररायटर तिन्ही प्रकारचं राईट स्वतंत्रपणे आतल्या रायटरकडे ढकलतो. स्ट्रिंगचा तुकडा त्याच्या दाराकडे फिरकलाच नाही, खिडकीतून गेला. तिथे तिन्ही बदलावे लागतात. नाहीतर सरळ रायटरपासून वारसा घ्या.

---

अमळनेर_एक्स्प्रेस · दुपारी ४:४०

ताई, मी विद्यार्थीच आहे, तुमच्या वर्गातला नाही. माझा प्रश्न याच धाग्यात विचारतो. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर विद्यापीठाचं नाव ३२ अक्षरांच्या ओळीत तोडून लिहायचं होतं:

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ

लांबी विचारली तर ५० आली. मग राईट(नाव, ०, ३२) आणि राईट(नाव, ३२, १८). पहिल्या ओळीत आलं

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर मह

आणि दुसरी ओळ सुरू झाली एका ठिपक्यांच्या गोलाने, त्याला काना चिकटलेला, आणि पुढे राष्ट्र विद्यापीठ. एक्सेप्शन नाही, काही नाही. आकडे तर बरोबर होते ना?

---

गिरणाकाठची_ताई · संध्याकाळी ६:१२

आकडे बरोबर आहेत. प्रश्न हा की ते मोजतायत काय.

जावाची लांबी आपण शाळेत शिकलो ती अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे तुकडे मोजते. "महाराष्ट्र" आपल्या दृष्टीने म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरं. जावाच्या दृष्टीने म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशी दहा. तुझी ३२ ची कात्री ह आणि त्याच्या कान्याच्या मधोमध बसली. काना एकटा पडला, त्याला टेकायला अक्षर नाही, म्हणून फाँट ठिपक्यांचा गोल दाखवतो.

"लक्ष्मण" घेऊन बघ, याहून मजेशीर आहे. सात तुकडे: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, ण. पहिले तीन लिहिलेस तर "लक्". चार लिहिलेस तर "लक्ष", म्हणजे शुद्ध मराठी शब्द, कोणाला चूक झाल्याचं कळणारही नाही. पाच लिहिलेस तर "लक्ष्", पाय मोडका. गाडीच्या वजनात एक आकडा तुटला तर लगेच दिसतं, इथे लक्ष्मणचा लक्ष झाला तरी पावती गोडच दिसते.

---

केळीबाग_रावेर · संध्याकाळी ६:३०

अहो ताई, माझं पुढचं काम तेच! शेतकऱ्याचं नाव २० मध्ये बसवायचं. मामा म्हणतात वजनापेक्षा नाव महत्त्वाचं, नाव चुकलं तर माणूस पुढच्या वेळी दुसऱ्याकडे माल देतो.

---

गिरणाकाठची_ताई · रात्री ८:०१

मामा बरोबर बोलतात.

मग मनाने आकडा टाकू नकोस. ब्रेकइटरेटर नावाचा क्लास आहे, त्याचा कॅरेक्टर इन्स्टन्स घे, त्याला नाव दे आणि विचार: वीसच्या आत शेवटची सुरक्षित जागा कोणती? जी मिळेल तीच संख्या राईटला दे. जोडाक्षरांबाबत जेडीकेच्या (जावाच्या संचाच्या) आवृत्तीप्रमाणे वागणं बदलू शकतं. युनिकोडच्या नियमांतच देवनागरीचं जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्याआधी नियमाप्रमाणे हलन्तानंतर तोडलं तरी चालत होतं. म्हणून तुझ्या संगणकावर लक्ष्मण, ज्ञानेश्वर आणि मुक्ताईनगर ही तीन नावं घालून स्वतः बघ.

अमळनेरकरांसाठी: शीर्षक असेल तर शब्दावरच तोडावं. "उत्तर" नंतर ओळ संपव, खाली "महाराष्ट्र विद्यापीठ" आख्खं येऊ दे. त्यासाठी त्याच क्लासचा लाइन इन्स्टन्स आहे.

---

पिंपरीकर_मूळ_चाळीसगाव · रात्री ८:४५

आणि ऱ्य! "शेतकऱ्याचे नाव" या मथळ्यातला ऱ कोणी एका चिन्हाने टाइप करतं, कोणाचा कीबोर्ड र अधिक खालचा नुक्ता असे दोन तुकडे देतो. पडद्यावर एकसारखेच दिसतात. "शेतकऱ्याचे" एका माणसाच्या फाइलीत १० तुकडे आणि दुसऱ्याच्या ११. आम्ही एकदा अर्धा दिवस शोधत होतो की एकाच शब्दाची लांबी दोन वेगळी कशी. नॉर्मलायझर क्लासमधून एनएफसी (सगळं एकाच ठरलेल्या रूपात आणणं) करून घ्या, मग दोन्ही एक होतात.

बाइट्समध्ये कापणाऱ्यांची तर दैना. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक तुकडा ३ बाइट. विद्यापीठाचं ते नाव १४० बाइट होतं, ५० नव्हे. आउटपुटस्ट्रीमला ३२ बाइट लिहायला सांगितले तर काय होईल ते करून बघा. शेवटी काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह येईल, कारण तुकड्याचाही तुकडा पडला.

---

केळीबाग_रावेर · रात्री ९:२०

माझ्याकडे तर सगळं नावच ???? येतंय.

---

तापीकाठ · रात्री ९:३१

विंडोज आणि जावा ११ म्हटलं तेव्हाच वाटलं होतं. फाइलरायटर न सांगता संगणकाची मूळ कोडलिपी धरतो, आणि त्यात मराठी नाही. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, आपोआप यूटीएफ-८ धरतात. ११ वर तू स्वतः सांग, फाइलरायटर बनवताना फाइलीच्या नावासोबत यूटीएफ-८ दे. ती सोय ११ मध्येच आली आहे, नशीबवान आहेस.

आणि ट्राय विथ रिसोर्सेसमध्ये (काम संपलं की फाइल आपोआप बंद करणारी रचना) घाल सगळं. बफर्डरायटर ८१९२ कॅरेक्टर पोटात ठेवतो. तुझी पावती तीनशेची धरली तर सत्तावीस पावत्या पोटात आणि डिस्कवर शून्य. दुपारी लाइट गेली की सत्तावीस शेतकरी दारात. निदान प्रत्येक पावतीनंतर फ्लश कर, म्हणजे पोटातलं फाइलीत ढकल.

---

सातपुडा_वारा · रात्री ९:५५

मी सकाळी म्हणालो होतो सबस्ट्रिंग करा आणि मोकळे व्हा. मागे घेतो. इंग्रजी ओळीपुरतं खरं, नावापुरतं नाही. सबस्ट्रिंगही काना तोडणारच.

पण एक शंका. छोट्या पावतीच्या प्रिंटरवर, ५८ मिलिमीटरच्या, ३२ अक्षरांची ओळ असते ती इंग्रजीसाठी. मराठी तर चित्र बनवून जाते ना? मग २० मोजून उपयोग काय? "मिलिंद" आणि "ज्ञानेश्वर" यांची रुंदी तुकड्यांवरून थोडीच कळते.

---

गिरणाकाठची_ताई · मंगळवार, सकाळी ६:४०

हे सगळ्यात बरोबर विचारलंत. चित्र बनवून छापत असाल आणि मोजायचंच असेल तर रुंदी मोजा. फाँटमेट्रिक्सला स्ट्रिंगविड्थ विचारा, पिक्सेलमध्ये उत्तर येईल. त्या प्रिंटरची ओळ साधारण ३८४ ठिपके रुंद असते. नाव मावेपर्यंत सुरक्षित जागांवरून एकेक पाऊल मागे या, आणि जिथे मावेल तिथवरची संख्या काढा.

मोजमाप दोन वेळा होतं, एकदा तोडायची जागा शोधताना आणि एकदा रुंदी बघताना. राईटला फक्त शेवटचा निकाल द्यायचा.

---

केळीबाग_रावेर · बुधवार, रात्री ८:१५

आज पहिल्या अकरा गाड्यांच्या पावत्या निघाल्या. वजन बरोबर, नावं बरोबर. मामांनी एका शेतकऱ्याला पावती दिली. त्याने आधी नाव वाचलं, मग गाव, मग चष्मा कपाळावर सरकवून वजन. घरी लिहून आणलेल्या कागदाशी ताडून बघितलं आणि खिशात घातली. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "आता अक्षर जरा मोठं कर."

तर फाँटचा आकार वाढवला की वरचं सगळं पुन्हा मोजावं लागेल ना?

---

तापीकाठ · रात्री ८:१९

रुंदीचं पुन्हा, तोडायच्या जागा त्याच. आणि राईटला तिसरा आकडा संख्याच दे.

---

धुळ्याचा_जिनिंगवाला · रात्री ८:२२

आनि उणे नको देऊ, भो.